आयएसएसची रेषा फिकी येते, तुटते किंवा येतच नाही: उपग्रहांचे फोटो कुठे फसतात

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, म्हणजे आयएसएस, चांगल्या फेरीत, म्हणजे आपल्या आकाशातून एकदा जाताना, शुक्राशी बरोबरी करेल इतकं ठळक दिसतं. गच्चीवरच्या लहान मुलालाही ते बोटाने दाखवता येतं. तरी फोटोत मात्र आकाश नारिंगी आणि मधे एक पुसट ओरखडा, नाहीतर रेषेचे तुकडे. दर वेळी दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पण कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्सवरही हा फोटो उत्तम निघतो. चुका ठरावीक आहेत. सगळ्यात जास्त होणारी आधी घेऊ.

आकाश पांढरं पडलं, रेषा फिकीच राहिली

रेषा फिकी आली की बहुतेक जण पुढच्या वेळी शटर, म्हणजे ते उघडं राहण्याचा वेळ, लांबवतात. दहाचे वीस सेकंद, विसाचे तीस. रेषा तितकीच फिकी राहते आणि आकाश आणखी उजळतं. कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

स्थानक डोक्यावर असताना सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर १८ मिमी लेन्स लावली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा जेमतेम ०.०१२ अंश येतो. म्हणजे स्थानकाचा ठिपका एका पिक्सेलवर सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग थांबतो आणि पुढच्यावर जातो. तुमचं शटर ५ सेकंद असो की ३०, त्या पिक्सेलला स्थानकाचा प्रकाश तेवढाच मिळतो. उरलेला सगळा वेळ तो रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड गोळा करत बसतो.

म्हणून हे पक्कं धरा: रेषेचा ठळकपणा अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफ/ आकडा लहान तेवढं मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात, शटर फक्त आकाश ठरवतं. आकाश उजळ आलं तर शटर कमी करा. रेषा फिकी आली तर अ‍ॅपर्चर उघडा किंवा आयएसओ चढवा, आणि त्याने आकाशही उजळेल म्हणून शटर त्याच प्रमाणात घटवा. आयएसओ दुप्पट, शटर निम्मं.

मुंबई, ठाणे, पुणे अशा ठिकाणी गच्चीवरून सुरुवात एफ/३.५ किंवा एफ/४, आयएसओ ४००, शटर ८ ते १० सेकंद इथून करा. सह्याद्रीत किंवा शहरापासून लांब गावात एफ/२.८ ते ३.५, आयएसओ ८००, २० सेकंद सहज चालतात. चिनी तियानगाँग स्थानक आयएसएसपेक्षा मंद असतं, त्याला शहरातही आयएसओ ८०० लागतो. तेव्हा शटर ५ सेकंदांवर आणा. कामाच्या कक्षेत पोचलेले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह शहरातून पकडायच्या नादाला लागू नये.

हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. तो मधोमध आला तर शटर जास्त झालं. इथे एक फसगत होते. संध्याकाळच्या फेरीआधी वीस मिनिटं चाचणी फोटो काढून सेटिंग ठरवलं, तर तेवढ्यात आकाश बरंच काळोखं होतं. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झपाट्याने सरतो. पहाटे उलटं, दर मिनिटाला आकाश उजळत जातं. शेवटची चाचणी फेरीच्या तीन-चार मिनिटं आधी घ्या, फार आधी नको.

मग लांब रेषा मिळणार कशी? एकच लांब एक्स्पोजर घेऊन नाही. दहा-दहा सेकंदांच्या चाळीस फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर ‘लाइटन’ पद्धतीने एकावर एक ठेवायच्या. लाइटनमध्ये प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल निवडला जातो, बेरीज होत नाही. त्यामुळे आकाश एका फ्रेमइतकंच काळोखं राहतं आणि रेषा मात्र पूर्ण लांबीची मिळते. स्टारस्टॅक्स किंवा गिंपमध्ये हे फुकटात होतं. ताऱ्यांच्याही छोट्या रेषा होतील, त्या नको असतील तर जमिनीसाठी आणि ताऱ्यांसाठी एकच फ्रेम ठेवा आणि बाकीच्या फ्रेममधून फक्त स्थानकाची पट्टी मास्कने घ्या.

रेषा अधूनमधून तुटते

दोन फ्रेममध्ये कॅमेरा थांबतो, स्थानक थांबत नाही. एक सेकंदाची विश्रांती म्हणजे डोक्यावर एक अंशाची फट, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी मावतील एवढी. मोठ्या आकारात बघितलं की ती डोळ्यात खुपते.

फट केवढी आहे यावरून कारण ओळखता येतं.

फट रेषेइतकीच लांब असेल, म्हणजे एक तुकडा हजर, एक गायब, तर ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू आहे. दहा सेकंदांचा फोटो झाला की कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी दहा सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि त्यातून गोंगाट वजा करतो. तेवढा वेळ स्क्रीनवर ‘बिझी’सारखी सूचना दिसते आणि बटण दाद देत नाही. मेनूत जाऊन हे बंद करा. उच्च आयएसओचं नॉइज रिडक्शन वेगळं, त्याने वेळ जात नाही. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर त्याचा काही संबंधही नाही.

एकाआड एक फ्रेम गायब आहे पण नॉइज रिडक्शन बंदच आहे, असंही होतं. तेव्हा इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय, तपासा. अनेक कॅमेऱ्यांत ३० सेकंद लिहिलेलं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं असतं आणि १५ चं १६, कारण आत सगळं दुपटीच्या पटीत मोजलेलं असतं. तुम्ही मध्यांतर ३१ ठेवलं तर पुढच्या फोटोचा ठोका पडतो तेव्हा शटर अजून उघडंच असतं. तो ठोका वाया जातो आणि कॅमेरा थेट त्याच्या पुढच्याची वाट बघतो.

छोट्या, सारख्या अंतराच्या फटी असतील तर तो इंटरव्हॅलोमीटरचा एक सेकंदाचा स्वभावच आहे. त्याला बाजूला ठेवा. मोड एम, शटर १० सेकंद, ड्राइव्ह ‘कंटिन्युअस’, आणि वायरवाल्या रिमोटचं बटण दाबून अडकवून ठेवा. एक फोटो संपला की लगेच पुढचा सुरू होतो, फट सेकंदाच्या छोट्याशा अंशावर येते. रिमोट नसेल तर शटरच्या बटणावर खोडरबराचा तुकडा ठेवून वरून रबरबँड आवळा. दिसायला गावठी, पण काम चोख. पहिली फ्रेम हलेल म्हणून फेरीच्या अर्धा मिनिट आधी सुरू करा.

मधेच एखादीच मोठी फट आली तर कार्ड हळू आहे. रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवत असाल तर जेपीईजी बंद करा. दहा सेकंदांच्या फ्रेमला साधारण कार्डही पुरतं, अडचण दोन-तीन सेकंदांच्या फ्रेम घेताना येते.

उरलेल्या बारीक फटी स्टारस्टॅक्सच्या ‘गॅप फिलिंग’ने बुजतात. ही सोय ताऱ्यांच्या रेषांसाठी आहे. स्थानकाच्या रुंद फटीवर तिचा भरवसा धरू नका.

रेषा जाड, धूसर किंवा नागमोडी

जाड आणि मऊ रेषा म्हणजे फोकस चुकला. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बहुतेक लेन्सची रिंग तिच्याही पुढे फिरते. गुरू, व्याध किंवा लांबच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवरचा लाल दिवा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा, ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा, फोकस मॅन्युअलवर ठेवा आणि रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. झूमच्या रिंगलाही लावा, कारण किट लेन्सचं झूम जरा सरकलं की फोकस हलतो. ऑटोफोकस चालूच राहिला असेल तर कॅमेरा काळोखात शोधत बसतो आणि बटण दाबूनही फोटो निघत नाही. ‘फेरी गेली पण शटर पडलंच नाही’ या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं.

बारीक लाटांसारखी रेषा कंपनाची. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. कॅमेऱ्याचा पट्टा काढा किंवा गुंडाळा, वाऱ्याने तो ट्रायपॉडवर आपटत राहतो. आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ट्रायपॉड लावू नका. पंप सुरू झाला की कट्टा थरथरतो, आणि पंप संध्याकाळीच सुरू होतो.

सुरुवातीला नीट आणि नंतर धूसर होत गेली, तर काचेवर दव आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेच्या फेऱ्यांना, विशेषतः धरणाजवळ आणि घाटमाथ्यावर, हे हमखास होतं. लेन्स हुड लावा, फेरीपर्यंत काचेवर टोपण ठेवा, आणि लेन्सभोवती यूएसबीवर चालणारी गरम पट्टी किंवा रबरबँडने बांधलेला हँड वॉर्मर ठेवा. दव पुसलं तर मिनिटभरात परत येतं. यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खोट्या हिरव्या प्रतिमा त्यातूनच येतात.

रेषा आकाशाच्या मध्यावरच संपते

हा दोष नाही. स्थानक पृथ्वीच्या सावलीत गेलं. त्याला स्वतःचा दिवा नाही, आपल्याला दिसतं ते परावर्तित ऊन. शेवटचे काही सेकंद रेषा निमुळती आणि किंचित तांबूस होते, कारण तेव्हा त्याच्यावर सूर्यास्ताचं ऊन पडत असतं. तो भाग कापू नका, फोटोतला सगळ्यात सुंदर तुकडा तोच.

उंची ४२० किलोमीटर धरली तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश गेला की डोक्यावरचं स्थानक सावलीत जातं. महाराष्ट्रात हे सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाने होतं. म्हणून आपल्याकडे आयएसएस संध्याकाळी तेवढ्या अवधीत किंवा पहाटे तेवढ्याच अवधीत दिसतं, मध्यरात्री नाही. लंडनमधले मराठी मित्र जूनमध्ये रात्री एकाच्या फेरीचे फोटो पाठवतात ते खोटे नसतात. तिथे उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जातच नाही.

संध्याकाळच्या उशिराच्या फेरीत स्थानक पश्चिमेकडून चढतं आणि वर येता येता विझतं. अशा वेळी फ्रेम पूर्वेकडे लावून काही हाती लागत नाही. अंदाज देणाऱ्या तक्त्यात फेरीचा शेवट १० अंशांच्या ऐवजी ४५ अंशांवर दाखवला असेल तर तो सावलीचा बिंदू आहे, त्याप्रमाणे कॅमेरा लावा.

रेषा फ्रेमच्या बाहेर गेली

१८ मिमीला क्रॉप सेन्सरवर रुंदीत सुमारे ६७ अंश मावतात. एका बाजूच्या १० अंशांपासून डोक्यावरून दुसऱ्या बाजूच्या १० अंशांपर्यंतची फेरी १६० अंशांची. पूर्ण रेषा एका फ्रेममध्ये येणारच नाही, फिशआय असेल तर गोष्ट वेगळी. अर्धी निवडा. आपल्याकडे उंच फेऱ्या नैऋत्येकडून ईशान्येला किंवा वायव्येकडून आग्नेयेला जातात. कक्षेचा कल ५१.६ अंश असल्यामुळे याहून फार वेगळं होत नाही. कॅमेरा उभा धरून क्षितिजाची थोडी पट्टी आणि वरचं आकाश घ्या.

वेळेचा हिशोबही सरळ नाही. १० अंशांपासून ४० अंशांपर्यंत चढायला स्थानकाला दोन मिनिटांहून जास्त लागतात, आणि ४० पासून डोक्यावर यायला जेमतेम एक. खाली रेंगाळतं म्हणून निवांत राहणारे लोक वरच्या टप्प्यात कॅमेरा फिरवायला धावतात. कॅमेरा फिरवू नका. लावला तो लावला.

आलंच नाही

पहिली शंका वेळेवर घ्या. फेऱ्यांचे अंदाज देणाऱ्या हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर ठिकाण न निवडता तक्ता उघडला तर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि ठिकाण शून्य अक्षांश-रेखांशावर, गिनीच्या आखातात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. ठिकाण आपल्या गावाचं द्या; नागपूरचा तक्ता रत्नागिरीत चालत नाही, उंची आणि दिशा दोन्ही बदलतात. पहाटेच्या फेरीची तारीख नीट वाचा: १२ तारखेच्या पहाटे पाच म्हणजे ११ च्या रात्री झोपून उठल्यावरचे पाच.

दुसरी शंका जुन्या तक्त्यावर. स्थानकाची कक्षा मधूनमधून इंजिन चालवून उंचावतात, त्यानंतर जुने कक्षाघटक, म्हणजे मार्ग काढायचे आकडे, निरुपयोगी होतात. आठवड्याभरापूर्वी काढलेला स्क्रीनशॉट वापरू नका. स्टेलॅरियमसारख्या अ‍ॅपमध्ये उपग्रहांची माहिती त्याच दिवशी अद्ययावत करा. फेरी रोज साधारण वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे सरकते, त्यामुळे काही दिवस संध्याकाळी दिसून मग स्थानक गायब होतं आणि पुढे पहाटे उगवतं. ‘काल दिसलं, आज त्याच वेळी का नाही’ याचं उत्तर हेच.

तिसरी दिशेवर. फोनचं होकायंत्र गच्चीच्या लोखंडी कठड्याशेजारी वीस-तीस अंश खोटं बोलतं. दोन-चार पावलं लांब जा, नाहीतर ध्रुवतारा शोधा. महाराष्ट्रातून तो उत्तरेला १६ ते २२ अंशांवर असतो, म्हणजे बराच खाली, आणि बहुतेक वेळा समोरच्या इमारतीमागे.

तेजस्वितेचा आकडा उलटा वाचायचा असतो: उणे ३.५ ठळक, अधिक १ मंद. कमाल उंची ३० अंशांच्या खाली असलेली फेरी शहरातून फोटोसाठी सोडून द्या, धुळीच्या थरात ती विरते. पावसाळ्याबद्दल काय सांगावं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला जूनअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत स्थानकावर होते, आणि त्या दिवसांत महाराष्ट्राच्या नशिबी बहुतेक ढगच होते.

फोनने काढलेल्या फोटोत रेषेऐवजी ठिपके

नाइट मोड हा इथे शत्रू आहे. फोन अनेक छोट्या फ्रेम घेतो, एकमेकांवर जुळवतो आणि ज्या गोष्टी प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात त्यांना गोंगाट समजून पुसतो. स्थानक नेमकं तेच करतं. प्रो मोडमध्ये जा: आयएसओ २०० ते ४००, शटर १० सेकंद, फोकस डोंगराच्या चिन्हावर, टायमर ३ सेकंद. फोनला क्लँप आणि ट्रायपॉड हवाच, कुंडीला टेकवून भागत नाही. मुख्य १x कॅमेरा वापरा. अल्ट्रावाइडमध्ये जास्त आकाश मावतं पण त्याचा सेन्सर सहसा लहान आणि रेषा फिकी. प्रो मोड नसेल तर तसा वेगळा कॅमेरा अ‍ॅप मिळतो.

रेषा आली, पण ती कशाची?

ठिपक्यांची माळ, शेजारी लाल टिपके: विमान. मुंबईच्या आकाशात दर फ्रेममध्ये एखादं असतंच. सलग आणि दोन्ही टोकांना निमुळती छोटी रेषा, जी फक्त एकाच फ्रेममध्ये आहे: बहुधा उल्का. एकामागोमाग एक ठिपक्यांची आगगाडी: नुकतेच सोडलेले स्टारलिंक, काही दिवसांत ते पांगतात आणि वर जातात.

हळू सरकणारे, तुटत जाणारे, मागे शेपट्या सोडणारे अनेक गोळे दिसले तर ते वातावरणात परतणारं रॉकेट असू शकतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी हेच पाहिलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. तो चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. असं काही दिसलं तर सेटिंग बदलत बसू नका, फोन आडवा धरा आणि व्हिडिओ काढा, चौकटीत एखादं झाड किंवा इमारत स्थिर ठेवून. मार्ग मोजायला तीच खूण लागते.

श्रीहरिकोटाला मात्र सगळं उलटं

उपग्रहांवर हात बसलेले लोक रॉकेटच्या रात्रीच्या उड्डाणाला तीच सेटिंग घेऊन जातात आणि पांढरा गोळा घेऊन परततात. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनावर चालतो, ज्वाळा डोळे दिपवणारी असते आणि सुरुवातीला रॉकेट हळू उठतं. इथे एफ/११ ते एफ/१६, आयएसओ १००, बल्ब मोड (बटण सोडेपर्यंत शटर उघडं), आणि एकच दोन-अडीच मिनिटांचं एक्स्पोजर. पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आत जळून संपतो, ठळक कमान तेवढीच. पहिले काही सेकंद लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून पाण्यावरची चकाकी आवरता येते. सराव नसेल तर नको.

प्रेक्षक दालनासाठी इस्रोची ऑनलाइन नोंदणी लागते आणि ती लवकर भरते. वेळ सरकते हे धरून चाला: ३० डिसेंबर २०२४ चं स्पाडेक्सचं उड्डाण दोन मिनिटं पुढे जाऊन रात्री १० ला झालं, त्याच महिन्यातलं प्रोबा-३ चं एक दिवस लांबलं. शटर घड्याळ बघून उघडू नका, उजेड दिसताच उघडा. आवाज नंतर पोचतो, त्याची वाट बघितली तर कमानीचं मूळ हरवतं. कमान मधे वळलेली आली तर ट्रायपॉड हलला असं समजू नका. दक्षिणेकडे जाणारी उड्डाणं श्रीलंकेला टाळण्यासाठी खरंच वळतात.

फोकस दिवसा उजेडात क्षितिजावर लावून पट्टी चिकटवा. किनाऱ्याची हवा दमट असते. एसी गाडीतून काढलेली लेन्स बाहेर आल्या आल्या आतूनही धुरकटते, आणि आतलं पुसता येत नाही. बॅग न उघडता अर्धा-पाऊण तास आधी गाडीबाहेर ठेवा.